मापाने पाहावे

“मिस्ये, ब्लॉक बोअर करून घ्यायचा, की इंजिनच बदलायचे?”

गॅरेजच्या मालकाने हात पुसत क्रेओल भाषेत विचारलेला हा प्रश्न दिसावयास अगदी साधा होता. परंतु त्याचे उत्तर देण्यास मला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत माझ्याविषयीच्या काही गोष्टी मला कळल्या, त्या फारशा सुखाच्या नव्हत्या. ज्या वाचकांना यंत्रात गोडी नाही त्यांनीही थोडा धीर धरावा, एवढीच विनंती करून ही हकिकत सांगतो.

मोटार माझ्या वडिलांची. टोयोटा कोरोला, १९९४ सालची बनावट. जपानात काही वर्षे चालून मग आपल्या बेटावर आलेली. वडील साखर कारखान्याच्या दुरुस्तीशाळेत टर्नर होते. कारखाना बंद झाला त्या वेळी जी रक्कम हाती आली तिच्यातून त्यांनी ही गाडी घेतली. त्यांच्या आयुष्यातील ती पहिली व शेवटची मोटार. तिच्यासाठी त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही घातली होती. दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलायचे आणि वहीत तारीख, किलोमीटर व बदललेली वस्तू लिहायची, असा त्यांचा नेम. लहानपणी संध्याकाळच्या बैठकेत शिकलेल्या देवनागरी अक्षरांत त्यांनी ‘तेल’, ‘पट्टा’, ‘पाण्याची नळी’ असे शब्द लिहून ठेवले आहेत. वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. गाडी माझ्याकडे आली, वहीही आली.

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या सहा आठवडे आधी, एका शनिवारी, मी चार मुलांना घेऊन झाकरीच्या सरावाला निघालो होतो. सराव शामारेलला एका स्नेह्यांच्या अंगणात होता. काझ नोयालहून शामारेलला चढणारा तो वळणावळणाचा रस्ता किती उभा आहे हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिसऱ्या वळणावर मला उष्णतेचा काटा वर सरकलेला दिसला. तो मला दिसला होता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. उशीर झाला होता. मुले मागे गात होती. ‘पोहोचल्यावर पाहू,’ असे म्हणून मी गाडी तशीच रेटली. आणखी दोन वळणांनंतर झाकणाखालून पांढरी वाफ उसळली आणि इंजिन कण्हून बंद पडले. मुले रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिली. सर्वांत लहान मुलगी झांजा छातीशी धरून मला विचारीत होती, “सर, गाडी मेली का?”

गॅरेजमध्ये हेड उतरविल्यावर सर्व उलगडा झाला. पाण्याची वरची नळी फाटली होती. पाणी गेले, उष्णता वाढली, हेडचे गॅस्केट जळले आणि उरलेसुरले पाणी तेलात मिसळले. तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते. हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे अती तापले की हेड वाकते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट होऊन भिंतीला घासतो. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे उमटले होते, आणि नख फिरविले तर ते अडकत होते. “नख अडकते तेथे नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही,” मालक म्हणाला. आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

दोन मार्ग होते. पहिला म्हणजे, आहे तोच ब्लॉक कारागिराकडे पाठवायचा. सिलिंडर किंचित मोठे कोरून घ्यायचे, त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे, हेड सपाट करून घ्यायचे. दुसरा म्हणजे, मोडीच्या गाड्यांच्या आवारातून त्याच जातीचे आख्खे इंजिन आणून बसवायचे. पहिल्याला तीन आठवडे, दुसऱ्याला तीन दिवस. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या दीडपट.

आता माझ्या घरची परिस्थिती अशी. आईला दर आठवड्याला इस्पितळात न्यावे लागते. बसने तिचे हाल होतात. आणि बाजूला काढून ठेवलेले पैसे होते ते घराच्या गच्चीसाठी. मागच्या पावसाळ्यात गच्ची गळली होती आणि पुढच्या वादळी ऋतूच्या आत ती दुरुस्त करावयाची होती. पत्नीने हिशेब मांडला व शांतपणे म्हणाली, “गाडी म्हणजे काही बाबा नव्हेत.” मी त्यावर बोललो नाही. तिचे म्हणणे खरे होते, आणि ते खरे होते म्हणूनच मला लागले.

मोडीतल्या इंजिनाला आपल्याकडे उगाच नावे ठेवण्याची रीत आहे, ती मला मान्य नाही. जपानात नव्या मोटारीची तपासणी प्रथम तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि ती बरीच खर्चाची असते. म्हणून तेथील लोक धडधाकट गाड्याही लवकर काढून टाकतात. त्यांचा रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा, म्हणून त्या गाड्या व त्यांचे भाग आपल्या उपयोगी पडतात. असे इंजिन कारखान्यात जुळविलेले असते. त्याचे सिलिंडर मूळ मापाचे असतात, आणि कोणाच्या अर्धवट हातांनी ते उघडलेले नसेल तर त्याच्या जुळणीची बरोबरी करणे सोपे नाही. माझ्या चुलतभावाच्या मालवाहू गाडीत असेच इंजिन अकरा वर्षे तक्रारीविना चालले आहे.

म्हणून चुलतभावाला घेऊन मी अशा एका आवारात गेलो. जाताना त्याने मला एक सूत्र सांगितले: अपघातात सापडलेल्या गाडीचे इंजिन घ्यावे, चालता चालता बंद पडलेल्या गाडीचे घेऊ नये. कारण पहिले धडधाकट असतानाच थांबलेले असते. दुसरे का थांबले ते कोणी सांगत नाही. तेथे त्याने एकामागून एक इंजिने तपासली. तेल ओतावयाच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. काळा गाळ साचलेला असेल तर मागच्या मालकाने तेल वेळेवर बदललेले नाही. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहिला. क्रँक हाताने फिरवून पाहिला. मध्येच अडखळला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून गंज चढलेला असू शकतो. एका इंजिनावर सगळे जमले तेव्हा त्याने बॅटरी व स्टार्टर जोडून चारी सिलिंडरांचा दाब मोजला. नुसता आकडा मोठा असून चालत नाही, चारी आकडे एकमेकांच्या जवळ असावे लागतात. ते होते. इंजिन चांगले होते.

हे मी मुद्दाम सांगत आहे. ते इंजिन वाईट निघाले असते तर निर्णय आपोआप झाला असता, आणि हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. तथापि चुलतभावाने माझ्या आनंदाला लगेच लगाम घातला. “हे बसविण्याआधी टायमिंगचा पट्टा, पाण्याचा पंप आणि दोन्ही टोकांची रबरी सीले नवी टाक. इंजिन बाहेर असताना हे तासाभराचे काम आहे. आत गेल्यावर दोन दिवसांचे. आणि नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, तोही बदलून घ्यावा लागेल.” म्हणजे तीन दिवसांचे सहा झाले आणि दीडपटीचे अंतर थोडे घटले. तरीही पारडे त्याच बाजूला होते.

मी विसार दिला नाही. “उद्या सांगतो,” म्हणून परत आलो आणि रात्री निळी वही उघडून बसलो.

वडिलांच्या हयातीतील पाने भरगच्च होती. एकही नोंद चुकलेली नाही. त्यांच्यानंतर माझे अक्षर सुरू होते: पहिल्या वर्षी तीन नोंदी, दुसऱ्या वर्षी दोन, पुढे वर्षाला एक, आणि शेवटली अडीच वर्षे काहीच नाही. ‘पाण्याची नळी’ हे शब्द शोधीत मी मागे गेलो. ते सापडले, पण वडिलांच्या अक्षरात. त्यांनी बदललेली नळी मी नऊ वर्षे तशीच वापरीत आलो होतो. चढावर काटा दिसूनही मी थांबलो नाही ही शेवटची चूक. खरी चूक त्या कोऱ्या पानांत होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की दोन्ही मार्गांकडे मी चुकीच्या कारणांनी ओढला जात होतो. मोडीतले इंजिन मला हवेसे वाटत होते ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. त्या इंजिनाला वही नव्हती. ते आले की जुने ओझे भंगारात जाईल आणि कोणी मला कोरी पाने दाखविणार नाही, असे आत कोठेतरी वाटत होते. आणि जुना ब्लॉक राखावा असे वाटत होते ते प्रायश्चित्त म्हणून! पैसे जास्त गेले, त्रास झाला, म्हणजे वडिलांची क्षमा मिळेल, अशी ती भाबडी समजूत. या दोहोंपैकी एकाही कारणाने इंजिन चालत नसते.

दुसऱ्या दिवशी आईला विचारले. मला वाटले होते, ती जुन्याची बाजू घेईल. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या बाबांनी कारखान्यात किती रोलर मोडीत काढले, माहीत आहे का रे तुला? जीव नाही हो लावायचे ते लोखंडाला. मोजायचे आणि सांगायचे, राहील किंवा जाईल.”

मला लहानपण आठवले. उसाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो व वर्षअखेरीपर्यंत चालतो. तो संपला की गिरणी उकलून दुरुस्तीला घेतात. ऊस पिळणाऱ्या त्या अवजड रोलरांची खाचरे आंबट रसाने आणि वाळूने झिजलेली असत. ती लेथवर पुन्हा कापावयाची हे वडिलांचे काम. रोलर म्हणजे पोलादी दांड्यावर चढविलेले बिडाचे कवच. कापता कापता कवचाचा व्यास मर्यादेखाली गेला की ते काढून टाकीत आणि त्याच जुन्या दांड्यावर नवे कवच चढवीत. परंतु दांड्यालाच तडा आढळला तर दांडाही जाई. वडील म्हणत, “डोळ्यांना जुने ते सगळे सारखेच दिसते. मापाने पाहावे.” म्हणजे ते जुन्याचे कैवारी नव्हते, आणि नव्याचेही नव्हते. ते मापाचे होते.

मी ब्लॉक कारागिराकडे नेला आणि जाण्यापूर्वी मनाशी ठरविले: ब्लॉकला तडा असेल, किंवा पहिल्या पायरीच्या मोठ्या पिस्टनांनी भागणार नसेल, तर त्याच संध्याकाळी आवारातले इंजिन घ्यावयाचे, मागे वळून पाहावयाचे नाही.

कारागिराने ब्लॉक प्रथम धुऊन लख्ख केला. मग चुंबकाने भारून त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकली. बिडाला तडा असेल तर पूड त्या रेषेवर गोळा होते. कोठेच रेषा उमटली नाही. हेड पाण्यात बुडवून त्यात हवेचा दाब दिला. बुडबुडे आले नाहीत. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली पात्या सरकवून वाक मोजला. तो मर्यादेपेक्षा अधिक होता, पण तासून निघण्याजोगा. शेवटी सिलिंडर. प्रत्येकाचे माप वर, मध्ये आणि खाली, तेही आडवे व उभे, असे सहा वेळा घेतले. मूळ व्यास ७८.७ मिलिमीटर. तिसऱ्यातला सर्वांत खोल ओरखडा धरूनही अर्धा मिलिमीटर मोठ्या पिस्टनांत काम बसत होते. “एक पायरी,” तो म्हणाला. “यानंतर कदाचित आणखी एक, मग भिंत पातळ पडेल. मिस्ये, हे काही अमरपट्टा नव्हे.”

शाळामास्तराची सवय, मी घरी येऊन गणित केले. व्यास ७८.७ वरून ७९.२ झाला, धाव ७७ मिलिमीटर तशीच राहिली, तर चार सिलिंडरांचे एकूण आकारमान १४९८ घन सेंटिमीटरांवरून १५१७ वर जाते. वाढ एकोणीस. म्हणजे चहाचे जेमतेम चार चमचे. भिंतीवरून निघणारे बीड प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर. एवढे काढले की ओरखडा नाहीसा होतो आणि ब्लॉक मात्र तोच राहतो.

निर्णय झाला तो असा. मनात ठरविलेली अट पुरी झाली म्हणून. ती पुरी झाली नसती तर आज मी आवारातल्या इंजिनाची स्तुती लिहीत असतो, आणि तीही खरीच असती. माझ्या बाजूने एक गोष्ट अधिक होती: या ब्लॉकचा पूर्वेतिहास मला ठाऊक होता. वडिलांची पाने चांगली आणि माझी वाईट, पण दोन्ही माझ्यापुढे होती. आवारातले इंजिन त्या दिवशी कसे आहे हे मोजता आले. ते आजवर कसे वागविले गेले, हे मोजता येत नव्हते. त्या अज्ञाताचा धोका पत्करावा इतके अंतर किमतीत उरले नाही. गच्चीचे काम मात्र अर्धेच झाले. स्वयंपाकघरावरचा भाग नीट झाला; माझ्या वाचनाच्या खोलीत पाऊस पडला की अजून बादली ठेवावी लागते. पत्नीने त्याविषयी अवाक्षर काढलेले नाही, आणि बादली मीच ठेवतो.

कारागिराने पिस्टन हाती आल्याशिवाय कोरावयास हात लावला नाही. पाकिटावर छापलेल्या मापावर विसंबू नये, प्रत्येक पिस्टन स्वतः मोजावा, त्यात तेलापुरती काही शतांश मिलिमीटरांची जागा मिळवावी आणि तेवढाच सिलिंडर कोरावा, अशी त्याची शिस्त. शेवटचा किंचित भाग दगडांनी घासून काढतात, तेव्हा भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषांत तेल टिकते. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. मग साबणाच्या गरम पाण्याने ब्लॉक पुनःपुन्हा धुतला, तेलाचा हात दिला, आणि पांढरे फडके फिरवून ते पांढरेच बाहेर येते की नाही हे पाहिले. तिसऱ्या वेळी ते पांढरे आले.

हे सर्व चालू असताना झाकरीचा सराव बसने येजा करून चालूच होता, आणि तेथेही हाच प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. कोकणातली जाखडी आपल्या पूर्वजांबरोबर जहाजाने या बेटावर आली आणि येथे झाकरी झाली. आमच्या मंडळीतील वृद्धांकडून मिळालेल्या गाण्यांतले काही शब्द इतके झिजले आहेत की मुलांना त्यांचा अर्थ लागत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही लागत नाही. काही पालक म्हणाले, “मुंबईहून तयार गाणी आणा, मुले आठवड्यात शिकतील.” काही म्हणाले, “एक अक्षरही बदलू नका.” यापूर्वी मी या वादात एकदम एक बाजू घेतली असती. या खेपेस मुलांना घेऊन वृद्धांपुढे बसलो आणि ओळीमागून ओळ तपासली. जेथे शब्दाचा मूळ अर्थ सापडला तेथे तो शब्द नीट करून ठेवला. दोन कडव्यांत काहीच हाती लागले नाही; ती गळाली, आणि त्यांच्या जागी मुंबईचे एक गाणे आले. ते छान आहे. मुले ते आनंदाने गातात. परंतु ताल व फेर आमचाच राहिला, कारण तो तपासून पाहिला तेव्हा त्यात तडा नव्हता.

गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी गाडी परत आली. पहिले हजार किलोमीटर तिला दामटावयाचे नाही, एकाच वेगाने फार वेळ चालवावयाचे नाही, आणि मग तेल बदलावयाचे, असे मला बजावण्यात आले. विसर्जनानंतरच्या शनिवारी मी त्याच चार मुलांना घेऊन शामारेलचा चढ हळूहळू चढलो. तिसऱ्या वळणावर लहान मुलगी मागून म्हणाली, “सर, काटा पाहा हं!” काटा मध्यावर होता. तरी मी वर पोहोचून गाडी थांबविली, झाकण उघडले, आणि नळीला हात लावून पाहिले.

त्या रात्री निळ्या वहीत मी तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि वडिलांच्या शेवटच्या नोंदीतील शब्द तसेच उतरवून घेतले: ‘पाण्याची नळी, नवी.’ त्याखाली लिहिले: ‘ब्लॉक, ०.५०.’ मधली कोरी पाने मी फाडली नाहीत. ती तेथेच आहेत.